विहीणबाईंचं सॅनिटायझर

रविवार, ४ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची! बसने हाडं खिळखिळी केली, शेजारच्या बाईने सबंध रस्ताभर माझ्या खांद्यावर झोप काढली, पण दारात भाची लेकीला घेऊन उभी दिसली आणि शीण कुठल्या कुठे पळाला. लेक दोन महिन्यांची. नाव अजून ठरत नाही. जावई बोटीवर नोकरीला असतात, ते महिनाअखेर घरी आले की ठरवू म्हणतात. तोवर मी तिला ठकी म्हणणार, कुणाला आवडो न आवडो. केस भरपूर, गाल त्याहून भरपूर आणि नाकाच्या जागी नुसता ठिपका.

मी हात पुढे केले तर ठकीच्या आधी विहीणबाई पुढे आल्या, म्हणजे भाचीच्या सासूबाई. उंच, सडसडीत, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं हसू आणि हातात बाटली. आधी सॅनिटायझर, मग बाळ, असं त्यांनी इतक्या गोडीने सांगितलं की मला राग यायचाच राहून गेला. जन्मभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं, पांढऱ्या कापडावर कधी डाग पडू दिला नाही, माझे हात काय घाणेरडे असणार? पण मुलीकडच्या माणसांनी उंबरा ओलांडताक्षणी तोंड उघडू नये. निमूट ओंजळ केली. त्यांनी ती काठोकाठ भरली. हात गारेगार झाले आणि वासाने डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

त्यांचंही काही चुकत नाही म्हणा. भाचीचं पहिलं बाळ महिन्याचं होऊन तापाने गेलं. भेटायला आलेल्या कुणीतरी रोग आणला, असं विहीणबाईंच्या मनाने घेतलंय ते घेतलंयच. त्या दिवसांत भाचीला उठवून बसवलं, घास भरवला, तोही त्यांनीच. माझी बहीण, भाचीची आई, त्याच्या आधीच गेलेली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. जगलेच आहे तर उपयोगी तरी पडू. भाचीला दूध पुरत नाही, म्हणून ठकीला वरची बाटलीही द्यावी लागते. ते काम मी मागून घेतलं.

घर ऐसपैस आहे, गावाच्या अगदी टोकाला. माझ्या खोलीच्या खिडकीतून फर्निचरच्या कारखान्याची शेड दिसते. व्याही होते तोवर तिथे कपाटं, पलंग बनायचे. आता कुलूप आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज सॅनिटायझरचा नवा घाणा काढला. होय, घाणाच. मागच्या पडवीत हे एवढं पातेलं मांडलं. शेडमधल्या निळ्या पिंपातून नळीने स्पिरिट आलं, त्यात ग्लिसरीन, कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून आणि शेवटी लिंबाच्या वासाचे चार थेंब. मापाचं भांडं कुठेच दिसलं नाही म्हणून विचारलं, तर विहीणबाई हसल्या. माप दुकानदारांना लागतं, म्हणाल्या, घरच्या बाईला हाताचा अंदाज असतो. दुकानातल्या बाटलीत निम्मं पाणी असतं यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यांच्या स्पिरिटने म्हणे सागवानातली कीड मरायची, तिथे तळहातावरचे जंतू काय टिकणार!

आणि ढवळायचं कशाने? चमच्याने नाही, पळीने नाही. बाही खांद्यापर्यंत सारून उघडा हात कोपरापर्यंत आत. हाताने ढवळलं की हाताचा गुण उतरतो. मला हसू आवरेना. बाई, हे सॅनिटायझर आहे की कणीक? पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही, उलट माझे हात हातात घेऊन चाचपले आणि म्हणाल्या की तुमच्या हाताला गुण आहे, तुम्ही ढवळून बघा. शिवणाऱ्या बाईच्या हाताचं कौतुक केलं की ती हरभऱ्याच्या झाडावर चढलीच म्हणून समजा. चढले. घातला हात.

घरात सगळंच पुसलं जातं. कड्या, चमचे, पायपोस, टेलिफोन, ठकीचे हात-पाय. पाळण्याच्या काठावर त्याच द्रवात भिजवलेला रुमाल असतो, म्हणजे बाळाच्या नाकापर्यंत हवा धुतलेलीच पोहोचते. बाहेरून काही येऊ नये म्हणून खिडक्या बंद. मला जरा गुदमरतं, पण त्यांच्या घरी त्यांची रीत.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आता रोज मीच ढवळते. विहीणबाई जवळ बसून जुन्या गोष्टी सांगतात. वाईट नाहीत हो त्या. पहिल्या बाळाचं एक झबलं त्यांनी उशीखाली ठेवलंय, ते मला काढून दाखवलं आणि तीन-चारदा घडी घालून परत ठेवलं. मलाही भडभडून आलं.

इकडे धुकं फार. आले तेव्हा नव्हतं. आता मात्र सकाळपासून खिडकीबाहेर दुधाळ दिसतं, शेडसुद्धा नुसती सावली वाटते. भाची म्हणाली की या गावात असंच असतं, तिला तर वर्षभर दिसतं.

या घराच्या काही सवयी गमतीच्या आहेत. खोलीत कुणी आलं की भाची आधी कोण म्हणून विचारते, अगदी समोर उभी असले तरी. चहा ओतताना विहीणबाई कपाच्या आत बोट धरतात आणि बोटाला चहा लागला की थांबतात. माझ्या आईने असं पाहिलं असतं तर बोटावर पळी मारली असती! धुतलेलंच बोट म्हणा. खुर्ची वीतभर सरकवली तर दोघी तिच्यावर आदळतात आणि मलाच बोल लावतात.

ठकीचं दुसरं अंगडं बेतलं. सुईत दोरा ओवायला आज फार वेळ लागला. वय झालं, दुसरं काय.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

डोकं सकाळपासून ठणकतंय. पोटात ढवळतंय.

ठकीसाठी लाल लोकरीचा गोंडा केला. तिच्या डोळ्यांपुढे डावीकडून उजवीकडे नेला, परत आणला. तिने पाहिलं नाही. या वयाची मुलं असा गोंडा डोळ्यांनी गिळतात, शाळेतल्या कितीतरी बायकांची पोरं मी खेळवली आहेत. टाळी वाजवली तर दचकून आवाजाकडे मान वळवली. गोंड्याकडे नाही. दिव्याकडे नेलं, तिकडेही नाही. भाचीला बोलले. ती म्हणाली, मावशी, तू आल्यापासून काहीतरी खुसपट काढतेस, आईंना ऐकू गेलं तर किती वाईट वाटेल.

मी अंगडं हातात घेतलं. दोरा काही केल्या ओवला गेला नाही. अंगडं तसंच पडलंय.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहिते.

भर दुपारी नवं पिंप आलं. व्याह्यांच्या ओळखीचा एक माणूस टेंपोतून आणून देतो. विहीणबाई झोपल्या होत्या म्हणून शेड मी उघडून दिली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की एवढ्या धुक्यात गाडी चालवणं कठीणच. तो थांबला. कसलं धुकं, म्हणाला. बाई, कडक ऊन पडलंय, माझी पाठ भाजून निघाली.

मी वर पाहिलं. वर पांढरं. शेडमध्ये पाहिलं, तिथेही पांढरं. मग मी माझा तळहात चेहऱ्यासमोर धरला. हाताच्या आणि माझ्या मधेही तेच धुकं होतं.

तो पिंप उतरवत होता. हातांवर कोपरापर्यंत रबरी मोजे. मी विचारलं तर म्हणाला की याला उघडा हात लावायचा नाही, मालकांची सक्त ताकीद असते. हे लाकडाच्या पॉलिशमध्ये घालायचं स्पिरिट. मग त्यानेच विचारलं की कारखाना तर बंद आहे, एवढं लागतं कशाला तुम्हाला? तो गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले. माझा हात. कोपरापर्यंत. रोज.

रविवार, १८ फेब्रुवारी

औषधांच्या दुकानात फोन केला. भिंगातून बघत एकेक आकडा शोधावा लागला. दुकानातली बाई आधी सावकाश बोलत होती, मग भराभर बोलायला लागली. स्पिरिट दोन तऱ्हेचं असतं, म्हणाली. दिसायला सारखं, वासाला जवळजवळ सारखं. एक हातांना चालतं. दुसरं कातडीतून, श्वासातून आत जातं आणि आधी डोळे खातं. पांढरं दिसतं का, असं तिने आपणहून विचारलं. पोटात गेलं तर माणूस जातो. बाळाला घेऊन आजच्या आज दवाखाना गाठा, थांबू नका.

भाचीला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली. तिचे डोळे बाळंतपणाच्या अशक्तपणाने अधू झालेत, आईंचे वयाने, माझे प्रवासाने. प्रत्येकीसाठी वेगळं कारण तयार. शेवटी माझे पाय धरले. पहिलं बाळ गेलं तेव्हा आईच होत्या, मावशी. त्यांना सांगितलंस की त्यांच्याच हाताने ठकीला हे होतंय, तर त्या जिवंत राहणार नाहीत. हे येईपर्यंत थांब. पुढच्या रविवारी येतायत. ते बोलतील.

मी काय करायला हवं होतं ते मला कळतंय. ठकीला उचलून रस्त्यावर जायला हवं होतं. पण भाचीचं सासर, तिचं बाळ, तिचा संसार. मी पाहुणी, तीही मुलीकडची. आणि रस्ता मला दिसत नाही.

साप मरावा आणि काठीही तुटू नये, असं काहीतरी करते.

सोमवार, १९ फेब्रुवारी

केलं. विहीणबाई दुपारी झोपल्यावर दोन्ही पिंपांच्या तोट्या शेडमागच्या चरात सोडल्या. पातेलं ओतलं. सगळ्या बाटल्या विसळून त्यांत साधं पाणी, ग्लिसरीन, कोरफड भरली आणि लिंबाचे थेंब सढळ हाताने टाकले. पाळण्यावरचा रुमाल पाण्यात भिजवला. शेडची किल्ली माझ्या कमरेला.

संध्याकाळी विहीणबाईंनी हात चोळले आणि कामाला लागल्या. रविवारपर्यंत निभलं की झालं. माझ्या खोलीची आणि ठकीजवळची अशा दोन्ही खिडक्या मी उघडल्या. वारा येतो.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

गोंड्याकडे पाहिलं! ठकीने पाहिलं!

मला नीट दिसत नाही, म्हणून तिच्या गालांना दोन्ही हात लावून बसले आणि गोंडा दातांत धरून मान हलवली. म्हातारपणी काय काय करावं लागतं! तिची मान माझ्या हातांत वळली. डावीकडे वळली, परत उजवीकडे. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा वळली. मग चक्क खुदकन हसली. मी रडले, हसले, तिचे तळवे चावून टाकले.

माझं काही सुधारत नाहीये. मोठ्या अक्षरात, जाड पेनाने लिहिते, एक बोट ओळीवर धरून. असू दे. माझे डोळे खूप वापरून झालेत. तिचे नवे कोरे आहेत.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

विहीणबाईंना कळलं.

स्पिरिट हातावरून उडून जातं, गार करून जातं. पाणी तसं गार करत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज त्यांनी हात चोळले आणि तळवे कितीतरी वेळ गालांना लावून उभ्या राहिल्या. मग दुसरी बाटली. मग तिसरी. एकेक उघडून हातावर घेतली, गालाला लावली, ठेवली.

ओरडतील म्हणून मी तयार होते. त्यांनी फक्त विचारलं, केव्हापासून?

मी म्हटलं, सोमवार.

त्या सावकाश खाली बसल्या. चार दिवस, म्हणाल्या. चार दिवस माझी पोर उघडी राहिली.

मी सगळं सांगितलं. स्पिरिट, मोजे, दुकानातली बाई, गोंडा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या गुडघ्यावर थोपटलं. तुम्ही मनाने चांगल्या आहात, म्हणाल्या.

मग किती हलकं वाटलं मला. उगाच भ्यायले होते इतके दिवस.

शनिवार, २४ फेब्रुवारी, सकाळ

उद्या जावई येणार. विहीणबाई आज माझ्याही आधी उठल्या. स्वयंपाकघरातून हालत नाहीत. मला म्हणाल्या, तुमचे डोळे बरे नाहीत, भाजाल, पाणी मीच उकळते. सगळ्यांचा चहा त्यांनीच केला. ठकीची बाटलीही भरून आणून दिली.

चहा कडवट लागला. तोंडाला चव नाहीये माझ्या.

ठकीने बाटली संपवली. थेंबही ठेवला नाही.

भाची परत झोपली. ती कधी अशी झोपत नाही.

शनिवार, दुपार

विहीणबाई आत आल्या. पाळण्याशी बसल्या. त्यांची जीभ जड झालीय, शब्द घसरतायत.

रागावल्या नाहीत, म्हणतात. चूक कुणाचीही होते. पण चार दिवसांत जंतू शिरले ते शिरलेच, आता ते आत आहेत. बाहेरून धुऊन उपयोग नाही. आतून धुवायला हवं.

पेटीत एक बाटली जपून ठेवलेली होती म्हणे त्यांनी. जुनी. अस्सल.

आज सकाळी पाण्यात—सगळ्यांच्याच पाण्यात. चहाच्या. बाटलीच्या. बाळाला थोडंच घातलं, म्हणतात, बाळाला सोसेल एवढंच—अंदाजाने—

मी ओरडले. त्या पाळण्याला डोकं टेकून झोपल्या. हलवलं, उठत नाहीत.

भाचीला हाका मारल्या. तिला गदागदा—ती कण्हते फक्त.

फोन चाचपत मिळाला. शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण. दुकानातली बाई. गाडी पाठवते म्हणाली. दार उघडं ठेवा. काय प्यायलंय ते लिहून ठेवा, तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसलात तर—

म्हणून लिहिते. जो कुणी आत येईल त्याने हे आधी वाचा.

पाण्यात लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट आहे. चौघी प्यायलो. आधी बाळ. आधी बाळाला घ्या. आमचं नंतर.

मी ठकीला मांडीवर घेतलंय. अंग गरम आहे. श्वास आहे, मला वाटतं आहे. पांढरंही गेलं आता, काहीच नाही, ओळ कुठे चाललीय ते—

गाडी नाही अजून.

ठकी, ए ठकू, ऊठ गं. मावशीआजी आहे. रड ना. रडलीस तरी चालेल, घर डोक्यावर घे—

झोपलीय का जागी, मला दिसत नाही. बोटाने बघते. कपाळ. भुवई.

डोळा उघडा आहे. उघडाच आहे. बुबुळाला बोट लागतंय माझं तरी ती पापणी मिट—